जयमालाताईचं भेव

रसवंतीच्या आडोशाला उभं राहून जयमालानं डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. समोर मोताळ्याच्या बसस्थानकात बुलढाण्याची गाडी लागली होती आणि दाराशी रोजची रेटारेटी चालली होती. हातावर पांढरा अ‍ॅप्रन टाकून सुचिता त्या गर्दीच्या कडेला उभी होती. जयमालाची एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आई तीस पावलांवर लपून उभी आहे, हे तिच्या गावीही नव्हतं.

जयमालाची नजर मात्र मुलीच्या आजूबाजूच्या माणसांवर होती. निळ्या शर्टातला एक पोरगेलासा माणूस खांबाला टेकून मोबाइल छातीशी उभा धरून होता. काही बघत होता की फोटो काढत होता, ते इथून कळत नव्हतं. सुचिता पायरी चढली तसा त्यानं मोबाइल खिशात घातला आणि तिच्यामागं गाडीत चढला.

"ताई? तुमी इथं काऊन उभ्या?"

जयमाला दचकली. रसवंतीचा मालक मोतीराम ओल्या फडक्यानं हात पुसत तिच्याकडे बघत होता. पाच वर्षांपूर्वी त्याच्या बहिणीला सासरच्यांनी खोलीत कोंडलं होतं, तेव्हा कुलूप तोडायला जयमालाच पुढे होती.

"उन्हाची जरा सावलीत उभी राहिले."

मोतीरामनं आभाळाकडे पाहिलं. सकाळचे आठ वाजले होते. त्यानं रसाचा पेला भरून तिच्या हातात दिला. गाडी निघून राजूर घाटाच्या वाटेला लागली तरी पेला तसाच तिच्या हातात होता. पाऊण तासानं "पोचले" एवढा सुचिताचा मेसेज आला, तेव्हा तिला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

फोटो बुधवारी आले होते, अनोळखी नंबरावरून. एकात सुचिता गाडीची पायरी चढत होती. दुसऱ्यात कॉलेजच्या फाटकाशी मैत्रिणींबरोबर हसत होती. तिसरा गाडीच्या आतला होता, मागच्या सीटवरून काढलेला. त्यात फक्त तिची वेणी होती आणि एका कानातला बारीक मोती. खाली एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं.

शब्दांच्या धमक्या जयमालाला नव्या नव्हत्या. पंचवीस वर्षांच्या वकिलीत तिनं त्या पोत्यानं ऐकल्या होत्या. दारूचं दुकान बायकांच्या मतदानात आडव्या बाटलीला मतं मिळवून बंद पाडलं, तेव्हा घरावर दगड आले. नांदायला गेलेल्या पोरींना तिनं परत आणलं, तेव्हा ऑफिसच्या पाटीवर डांबर फासलं गेलं. त्या डांबरासकट पाटी तिनं महिनाभर तशीच ठेवली होती. तेव्हापासून लोक तिला वाघीण म्हणू लागले. पुढे ती जिल्हा परिषदेवर दोनदा निवडून आली, महिला व बालकल्याणची सभापती झाली, आणि तो शब्द तिच्या प्रत्येक फ्लेक्सवर तिच्या फोटोपेक्षा मोठ्या अक्षरात येऊ लागला. नवरा होता तोवर तो फ्लेक्स बघून हसायचा. आठ वर्षांपूर्वी तो गेला. आता घरात दोघीच होत्या.

फोटो कुणी पाठवले, हे विचारायची गरज नव्हती. येत्या मंगळवारी प्रतीक्षाची साक्ष होती.

दोन वर्षांपूर्वी प्रतीक्षाला सासरच्या मळ्यातल्या विहिरीतून बाहेर काढलं, तेव्हा ती मोटारीच्या पाइपाला धरून चार तास लटकली होती. दुसरी मुलगी होऊन दीड महिना झाला होता. नवरा प्रज्वल म्हणत होता, तिनं उडी घेतली. ती म्हणत होती, त्यानं ढकललं. सगळा खटला तिच्या एकटीच्या साक्षीवर उभा होता आणि सरकारी वकिलाच्या मदतीला फिर्यादीकडून जयमाला उभी होती. प्रज्वलचे वडील हिंमतराव वाकोडे हे जयमालाच्याच पक्षातलं वजनदार नाव. तालुक्यातली निम्मी माणसं त्यांच्या शब्दावर उठत-बसत.

शनिवारी दुपारी पक्षाचे तालुकाध्यक्ष वामनराव तिच्या ऑफिसात आले. बोट धरून राजकारणात आणावं, तसं त्यांनीच तिला आणलं होतं. त्यांनी चहा घेतला, पावसाचं बोलले, सोयाबीनचं बोलले.

"ताई, या बारीनं जिल्हा परिषदेचं अध्यक्षपद बाईमानसासाठी राखीव आहे. वरतून तुमचंच नाव येऊन राह्यलं."

"माझ्यापर्यंत तर नाही आलं, भाऊ."

"येईन. एकच अडचन आहे." त्यांनी कप बशीत ठेवला. "मंगळवारची."

जयमालानं समोरची फाइल मिटली.

"केस सोडा असं मी म्हनत नाही. म्हननारबी नाही. फक्त एक तारीख घ्या. पोरीले ताप आला म्हना. निवडनूक होऊन जाऊ द्या, मंग पाहू."

"तारखा घेण्यातच दोन वर्षं गेली."

"मंग आनखी एक."

ते उठले. दाराशी जाऊन चपला पायात सरकवताना त्यांनी मान न वळवता विचारलं, "सुचिता कशी आहे? अजून बसनंच जाते ना बुलढाण्याले?"

जयमालानं त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. वीस वर्षांच्या ओळखीचा चेहरा. त्यांना सगळं माहीत होतं, की कुणीतरी त्यांना एवढंच विचारून यायला सांगितलं होतं, की म्हातारा आपलेपणानंच विचारत होता? तिला त्या चेहऱ्यावर काही सापडलं नाही.

"बसनंच जाते," ती म्हणाली.

ते गेल्यावर तिनं ऑफिसचं दार आतून लावून घेतलं. टायपिस्टला सांगितलं असतं तर गावभर झालं असतं, म्हणून तिनं स्वतःच संगणकापुढे बसून अर्ज टाइप केला. साक्षीदार आजारी असल्यानं पुढील तारीख मिळावी. चार ओळींचा अर्ज. तरी टाइप करताना तीनदा तारीख चुकली. खाली प्रतीक्षाच्या सहीसाठी जागा सोडून तिनं कागद फाइलीत घातला.

रविवारी सकाळी सुचिताला "मीटिंगला जाते, दार उघडू नकोस, कुणी आलं तर शेजारच्या काकूंना हाक मार" असं सांगून ती एकटीच गाडी घेऊन निघाली.

"दार का नाही उघडायचं?" सुचितानं विचारलं.

"म्हटलं ना, नको."

प्रतीक्षाचं माहेर पार तिकडे संग्रामपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याला. नांदुरा मागे पडलं तेव्हा जयमालाला आरशात पांढरी बोलेरो दिसली. ती हळू झाली तर बोलेरोही हळू झाली. तिनं वेग वाढवला तर तिनंही वाढवला. पूर्णेच्या पुलावर दोन्हीकडे फक्त कठडा आणि खाली पात्र. इथं मागून धक्का दिला तर उद्या पेपरात काय छापून येईल, ते शब्दसुद्धा तिच्या मनात तयार झाले. पूल संपताच तिनं गाडी झाडाखाली थांबवली आणि काचा वर केल्या. बोलेरो भुर्रकन पुढे गेली. मागच्या काचेवर नवरदेवाचं नाव आणि झेंडूच्या माळा होत्या.

ती पाच मिनिटं तशीच बसून राहिली. मग तिनं गाडी सुरू केली.

प्रतीक्षाच्या आईचं, गोजरबाईचं घर गावाच्या शेवटाला होतं. मागे वांग्या-मिरचीचं वावर आणि त्याच्यामागे डोंगराची निळी रेघ. भर दिवसा दार आतून लावलेलं होतं. जयमालानं कडी वाजवली तशी आतली हालचाल थांबली.

"कोन?"

"मी, जयमाला."

आधी लोखंडी पट्टी सरकल्याचा आवाज आला, मग कडीचा. दार हातभर उघडून गोजरबाईनं तिच्या खांद्यावरून मागच्या रस्त्यावर नजर टाकली आणि मग दार पुरतं उघडलं.

"अव माय, ताई! फोन तरी कराव."

आत प्रतीक्षा मिरच्यांच्या ढिगापुढे बसली होती. उठून तिनं पाणी दिलं. दोन वर्षांत ती वाळून निम्मी झाली होती, पण आज तिच्या चेहऱ्यावर एक घाई होती.

"ताई, मी समदं पाठ करून राह्यली. वार, वेळ, कोन्ती साडी होती, तो काय बोल्ला. माय सरकारी वकील होते आन मले इचारते. तिले 'आरोपी' म्हनता येत नाही, 'आरपी' म्हनते."

गोजरबाई पदराआड हसली. जयमालानंही हसायचा प्रयत्न केला. पर्स तिच्या मांडीवर होती आणि पर्समधल्या फाइलीचा कोपरा तिच्या मनगटाला टोचत होता.

"प्रतीक्षा, समजा मंगळवारी आपण पुढची तारीख घेतली तर?"

प्रतीक्षाचे हात मिरच्यांत थांबले.

"काऊन?" गोजरबाईनं विचारलं.

"सरकारी वकिलांना थोडा वेळ हवाय तयारीला."

पंचवीस वर्षांत जयमाला कोर्टात थोडंफार कमी-जास्त बोलली असेल, पण अशिलाशी खोटं बोलायची ही पहिली वेळ. तिला पुढचं वाक्य सुचेना. काहीतरी विचारायचं म्हणून तिनं विचारलं, "पोरी दिसत नाहीत?"

"माह्या बहिनीकडं हायेत. देऊळगाव राजाले," गोजरबाई म्हणाली.

"एवढ्या लांब? आणि मोठीची शाळा?"

"जाईन पुढच्या साली."

"आज तुमचं कुत्रं भुंकलं नाही."

"मेलं ते."

"कशानं?"

गोजरबाईनं लेकीकडे पाहिलं. लेकीनं मान खाली घातली. माणूस लपवायला लागलं की त्याची उत्तरं कशी आखूड होत जातात, हे जयमालानं आयुष्यभर साक्षीदारांच्या पिंजऱ्यात पाहिलं होतं.

"आणि गजेंद्र? मिरचीच्या तोड्याच्या दिवसांत तुमचा पोरगा कुठं आहे, मावशी?"

"सुरतले गेला."

"मावशी, माझ्याकडं बघून सांगा."

"माय, राहू दे," प्रतीक्षा हळूच म्हणाली.

"आता काय राहू देतं? त्या इचारून राह्यल्या ना." गोजरबाईनं पदर कानामागं खोचला. बोलायला लागली तशी ती जयमालाकडे न बघता भिंतीकडे बघत बोलत होती. "दसऱ्यापासून चालू हाय, ताई. पयले वावरातल्या ठिबकच्या नळ्या कापल्या. मंग दोघं-तिघं गाड्या लावून समोर बसाले लागले, त्या लिंबाखाली. काई बोलत नाहीत. नुसते बसतात. कुत्र्याले पोळीतून देल्लं. गजूचा हात मोडला तो गाडीवरून पडून नाही, त्याले रस्त्यात अडोलं होतं. मीच म्हनलं, जाय बाबा सुरतले. नातीले शाळेच्या दारात चाकलेट देल्लं कोन्या मानसानं, आन म्हने, आज्याकडून आनलं. त्याच दिशी दोघीले गाडीत बसोलं."

खोलीत मिरच्यांचा तिखट वास भरला होता. जयमालाला ठसका आला.

"सहा महिने? आणि मला एका शब्दानं नाही सांगितलं? मी दर तारखेला तुम्हाला विचारत होते, काही त्रास आहे का."

प्रतीक्षा बोलली.

"केसच्या सुरवातीले धमक्या आल्या, तवा पयल्या वकिलाले सांगतलं होतं आमी. दुसऱ्या दिशी त्याहीनं कागद वापस करून देल्ले. म्हून म्या मायले शपथ घातली. ताईच्या कानावर काईच जाऊ द्याचं नाही. तुमी भेल्या तं आमाले दुसरं कोनी नाही." ती थांबली. एक मिरची उचलून तिचं देठ खुडलं. "आन तुमालेबी पोरगी हाय."

बाहेर एक मोटारसायकल आली. तिघींनीही एकदमच दाराकडे पाहिलं. मोटारसायकल घरापुढून निघून गेली, आवाज वावराच्या दिशेनं विरत गेला, आणि मगच कुणीतरी हललं.

जयमालानं पर्स उघडली. फाइलीला हात न लावता मोबाइल काढला, फोटो उघडले आणि प्रतीक्षापुढे धरले.

"सरकारी वकिलांचं काही नाही. मी खोटं बोलले. तारीख मला हवी होती. हे बुधवारी आलं."

प्रतीक्षानं तिन्ही फोटो पाहिले. तिसऱ्यावर ती खूप वेळ थांबली. मग गोजरबाईनं मोबाइल हातात घेतला, काचेवरचे ठसे पदरानं पुसले आणि डोळ्यांजवळ नेऊन वेणी पाहिली.

"बुधवारी? चार दिस झाले की." तिनं मोबाइल परत दिला. "जेवल्या काय तुमी या चार दिसांत?"

गोजरबाई उठून चुलीकडे गेली. भाकरी, ठेचा आणि तव्यावर परतलेली वांगी. जयमालानं पहिला घास घेतला आणि आपल्याला किती भूक लागली होती ते तिला कळलं. ती जेवत असताना प्रतीक्षा दाराच्या फटीतून रस्ता बघत उभी राहिली. ते तिचं रोजचंच काम असावं.

हात धुऊन झाल्यावर प्रतीक्षानं विचारलं, "मंग? घ्याची का तारीख?"

"मला माहीत नाही," जयमाला म्हणाली. अशिलाला असं उत्तरही तिनं कधी दिलं नव्हतं. "खरंच माहीत नाही. तू सांग."

"त्या पाइपाले मी चार घंटे धरून होती, ताई. लोकाले वाटते, काढलं मले वर. दोन वर्सं झाले, मी अजून धरूनच हावो. आता हात दुखून राह्यले."

जयमालानं कोरा कागद मागितला. गोजरबाईनं नातीची वही आणून दिली. बाजेवर वही ठेवून जयमालानं साक्षीदाराला संरक्षण मिळावं म्हणून अर्ज लिहायला घेतला. नळ्या, कुत्रं, गजेंद्रचा हात, शाळेच्या दारातला माणूस. तारखा गोजरबाईला सणांवरून आठवत होत्या; दसऱ्यानंतर चार दिवसांनी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी. हे सगळं भराभर लिहून झालं. मग तिनं पान उलटलं. दुसऱ्यांसाठी तिनं शेकड्यांनी शपथपत्रं लिहिली होती आणि त्यातलं एक वाक्य तिच्या हाताला इतकं सवयीचं होतं, की ते लिहिताना तिचं लक्षही नसे. आज पेन त्या वाक्यापाशी अडलं. शेवटी तिनं लिहिलं: मी, अ‍ॅड. जयमाला सोनुने, वय बावन्न वर्षे, शपथेवर लिहून देते की, मला माझ्या व माझ्या मुलीच्या जिवाची भीती वाटते.

"अक्षर चांगलं हाय तुमचं," गोजरबाई शेजारून म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं.

घरी परतल्यावर तिनं सुचिताला समोर बसवून सगळं सांगितलं. सुचितानं फोटो पाहिले. तिचा रंग उतरला, पण ती रडली नाही.

"म्हणून तू रसवंतीमागं उभी राहत होतीस?"

"तुला कुणी सांगितलं?"

"मोतीरामकाकांनी. मला वाटलं, माझ्यावर लक्ष ठेवतेस. मी कुणाबरोबर फिरते की काय." तिचा आवाज चढला. "आधी सांगायचं ना, आई. मी मागची सीट तरी बघितली असती."

दोन दिवसांनी बुलढाण्याच्या कोर्टात जयमालानं अर्ज दिला. न्यायाधीशांनी वाचायला सुरुवात केली. साक्षीदाराच्या पानावर ते गंभीर होते. पुढच्या पानावर त्यांनी चष्मा खाली घेतला.

"मॅडम, हे शपथपत्र तुमचं स्वतःचं आहे?"

"हो, साहेब."

"तुम्हाला भीती वाटते, असं लिहिलंय."

"वाटते, साहेब."

आरोपीचे वकील उठले. ते जयमालाबरोबरच कॉलेजात होते. "ज्यांना अख्खा जिल्हा वाघीण म्हणतो, त्यांनी असं म्हणावं, हे आश्चर्य आहे. हे निव्वळ साक्षीदाराला सहानुभूती मिळवून देण्यासाठी आहे."

मागच्या बाकांवर हशा पिकला. सर्वांत शेवटी हिंमतराव बसले होते, पांढऱ्या टोपीत, हात काठीवर ठेवून. तेही हसले. जयमालानं वळून पाहिलं नाही.

कोर्टानं प्रतीक्षाला, जयमालाला आणि सुचिताला पोलीस देण्याचा हुकूम केला. फोटो आलेल्या नंबराची चौकशी करायला सांगितलं. मग प्रतीक्षाचं नाव पुकारलं गेलं.

सुरुवातीला तिचा आवाज पुढच्या बाकापर्यंतही पोचत नव्हता. दोनदा "मोठ्यानं बोला" म्हणून सांगावं लागलं. पाठ केलेलं सगळं ती विसरली. साडीचा रंग विसरली, वार चुकीचा सांगितला. आरोपीचे वकील कागदावर खुणा करत गेले. पण विहिरीच्या काठापाशी येताच ती थांबली, पाणी मागितलं, प्यायली, आणि मग तिनं प्रज्वलकडे बोट करून सांगितलं, की यानं माझ्या पाठीला दोन्ही हात लावले आणि म्हणाला, जा, तिसरीले तिथंच जन्म दे. त्याचं हे बोलणं तिनं आजवर पोलिसांना सांगितलं नव्हतं. जयमालालाही नाही. कोर्टात पंख्याचा तेवढा आवाज राहिला. उलटतपासणीला दुसरा दिवस मिळाला. दुसऱ्या दिवशी ती आणखी तीन तास उभी राहिली आणि पिंजऱ्यातून उतरली तेव्हा महिला पोलिसाच्या खांद्यावर हात ठेवून उतरली.

निकालाला अवकाश होता. पेपराला नव्हता. "वाघीण घाबरली!" असा मथळा जयमालाच्या जुन्या फ्लेक्सवरल्या फोटोसकट छापून आला. तो कात्रण होऊन सगळ्या ग्रुपवर फिरला. त्याखाली हसणारे चेहरे, मांजराची चित्रं. दुपारी वामनरावांचा फोन आला.

"ताई, हे काय करून बसल्या? तुमाले कोनी मारलं असतं तं लोक संगं आले असते. भेलेल्या बाईले कोन मत देईन?"

"बरोबर आहे, भाऊ."

"यादीत महिला आघाडीच्या सुवर्णाचं नाव टाकलं वरून. तुमचं कापलं."

"हं."

"सुचिताले जपा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. ही धमकी होती की आपलेपणा, ते या वेळीही जयमालाला कळलं नाही.

भीती काही कमी झाली नाही. उलट आता ती सगळ्यांना ठाऊक झाली होती आणि तिला लपायला जागा उरली नव्हती. सुचिताबरोबर एक पोलीस जाई. ती पोहोचल्याचा फोन येईपर्यंत जयमालाला एक ओळ वाचवत नसे. संध्याकाळी ओळखीच्या पावलांनीही ती दचके.

पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी ती ऑफिसात एकटी होती. दारावरचा पोलीस शिपाई समोरच्या टपरीवर चहाला गेला होता. रस्त्यावर भाजीवाल्यांची ओरड चालली होती. दारात सावली पडली म्हणून तिनं मान वर केली. पदरानं तोंड झाकलेली एक बाई उंबऱ्याबाहेर उभी होती. हातात बाजाराची पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी बाहेर डोकावत होती.

"या ना. आत या."

बाई आत आली, पण बसली नाही. "दार लावू का?" तिनं विचारलं आणि उत्तर यायच्या आत लावलं. पदर खाली घेतला. साठीच्या आसपासची, गळ्यात जाड पोत, हातात भरगच्च हिरवा चुडा. चांगल्या घरची दिसत होती.

जयमालानं वही पुढे ओढली. "काय नाव?"

"पुष्पाबाई."

"पूर्ण नाव सांगा."

बाईनं लावलेल्या दाराकडे एकदा पाहिलं. "पुष्पाबाई हिंमतराव वाकोडे."

जयमालाच्या हातातलं पेन तिथंच थांबलं. समोर प्रज्वलची आई उभी होती. बाहेर कुणाची गाडी उभी असेल, शिपाई किती दूर असेल, मागचं दार उघडं आहे की नाही, हे सगळं एका क्षणात तिच्या मनात येऊन गेलं.

"कुणी पाठवलं तुम्हाला?"

"कोनी नाही. बाजाराले म्हून आली. साडेचारच्या गाडीनं वापस जा लागते." पिशवीचे बंद तिच्या मुठीत आवळले गेले होते. "तुमाले एक इचारू? आमच्या घरी त्या दिशी पेपर मोठ्यानं वाचून राह्यले होते. समदे हासत होते. ते खरं हाय का?"

"काय?"

"तुमाले भेव लागते म्हून."

हा डाव असू शकत होता. पिशवीत मोबाइल चालू असू शकत होता. जयमालानं त्या बाईच्या तोंडाकडे पाहिलं. कानामागून गालावर उतरलेली एक जुनी, शिवल्याची खूण होती. रस्त्यावर कुणीतरी टोमॅटोचा भाव ओरडत गेलं.

"हो," ती म्हणाली. "लागतं."

बाईनं पिशवी जमिनीवर ठेवली. भिंतीशी असलेली खुर्ची तिनं स्वतःच ओढून टेबलापाशी आणली.

"मंग बसतो मी."